बावन्न हजार ईमेल, एक अशील: बाल्टिमोरच्या झडतीचे प्रकरण

१८ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात तिथल्या आयकर खात्याचे आणि अंमली पदार्थविरोधी विभागाचे अधिकारी झडतीचे वॉरंट घेऊन एका वकिली फर्मच्या कार्यालयात आले. झडती सहा तास चालली. अधिकारी बाहेर पडले तेव्हा त्यांच्याजवळ फर्मच्या एका भागीदार वकिलाची अख्खी मेलपेटी होती. त्या वकिलाला आलेले सुमारे ३७,००० ईमेल आणि त्याने पाठवलेले सुमारे १५,००० ईमेल, म्हणजे एकूण ५२,००० च्या आसपास संदेश सरकारच्या ताब्यात गेले. तपास एकाच अशिलाशी संबंधित होता. आलेल्या ३७,००० ईमेलपैकी त्या अशिलाने पाठवलेले किंवा त्याचे आडनाव असलेले ईमेल ६२ होते आणि पाठवलेल्या १५,००० पैकी ५४. दोन्ही मिळून ११६. उरलेल्या ९९.८ टक्के ईमेलमध्ये त्या अशिलाचा उल्लेखही नव्हता आणि त्यांतले अनेक इतर अशिलांचे होते. त्या इतर अशिलांचा या तपासाशी काहीही संबंध नव्हता.

आर्थिक गुन्ह्याच्या तपासात वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयता कशी टिकवायची, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बरेच निकाल आले आहेत. त्यांतून मी हेच प्रकरण निवडले, कारण इथे पोलिसांनी कायदा मोडला नव्हता. वॉरंट होते, न्यायाधीशांची सही होती, गोपनीय मजकूर बाजूला काढण्यासाठी वेगळे पथक नेमलेले होते आणि त्या पथकाची कार्यपद्धती लिहून न्यायाधीशांकडून मंजूरही करून घेतलेली होती. इतके सारे नियमात बसवूनही वरच्या न्यायालयाला ही पद्धत मोडीत काढावी लागली. त्याची कारणे मुंबईत किंवा पुण्यात आर्थिक गुन्ह्यांची प्रकरणे चालवणाऱ्या प्रत्येक वकिलाने बारकाईने वाचावीत अशी आहेत.

न्यायालयाच्या कागदपत्रांत संबंधितांची नावे झाकलेली आहेत आणि त्यांचा उल्लेख केवळ अक्षरांनी केला आहे. मीही तीच पद्धत पाळतो. ‘अशील अ’ स्वतःच मेरीलँडमध्ये वकिली करणारा होता. अंमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांना बेकायदा व्यवहारांत, त्यांचा काळा पैसा पांढरा करण्यातही, मदत केल्याचा त्याच्यावर संशय होता. त्याच्या बचावासाठी उभा राहिलेला, बाल्टिमोरच्या फर्ममधला भागीदार म्हणजे ‘वकील अ’. पुढे सरकारला असा संशय आला की अशिलाचा बचाव करताना या वकिलाने तपासातच अडथळा आणला, आणि तोही तपासाच्या कक्षेत आला. फर्मवर मात्र कोणताही आरोप नव्हता. तिथे काम करणारे इतर वकील आणि त्यांचे अशील यांचा या साऱ्याशी दुरूनही संबंध नव्हता.

वकिलाच्या मेलपेटीत काय असते, हे ज्याने स्वतः वकिली केली आहे त्याला सांगावे लागत नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते मुद्दाम टाळायचे याची ज्युनिअरने केलेली यादी तिथे असते. जामीन अर्जाचे चार मसुदे असतात आणि तिसऱ्या मसुद्याच्या समासात ‘हा मुद्दा घेऊ नका, त्यांच्याकडे पावती आहे’ असा शेरा असतो. अशिलाने रात्री दीड वाजता लिहिलेला, विरामचिन्हे नसलेला लांबलचक ईमेल असतो, आणि जे तो बायकोलाही सांगणार नाही ते त्यात त्याने सांगितलेले असते. यातला एकेक ईमेल तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने पुराव्याची खाण असू शकतो. नेमक्या म्हणूनच कायदा त्यावर पडदा टाकतो. आपण सांगितलेली गोष्ट उद्या सरकारी वकिलाच्या टेबलावर जाईल अशी भीती ज्याला वाटते, तो वकिलाला अर्धेच सांगतो, आणि अर्धे ऐकलेला वकील पूर्ण बचाव करू शकत नाही.

मग एका अशिलाच्या ११६ ईमेलसाठी ५२,००० ईमेल उचलले तरी कसे गेले? कागदाच्या काळात अधिकारी कपाटासमोर उभा राहून फाइलवरचे नाव वाचत असे आणि हवी ती फाइल काढून घेत असे. मेलपेटीचे तसे नसते. ती एकसंध असते आणि तिची जागेवर छाननी करायला आठवडे लागतात. अमेरिकेच्या फौजदारी प्रक्रिया नियमांतील ४१ व्या नियमात २००९ साली दुरुस्ती झाली आणि विद्युत स्वरूपातील सगळी माहिती आधी जप्त करून किंवा तिची प्रत काढून नंतर सावकाश तपासण्याची मुभा मिळाली. आपल्याकडेही व्यवहारात हेच घडते. हार्ड डिस्कची मिरर इमेज, म्हणजे तंतोतंत प्रत, काढली जाते, तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरात फेरफार झाला नाही हे पडताळणारा अंक, पंचनाम्यात लिहिली जाते, मूळ डिस्क खाकी कागदात गुंडाळून लाखेचे सील लावले जाते, पंच सह्या करतात. पंचनाम्यात ‘एक हार्ड डिस्क’ एवढीच नोंद असते. त्या डिस्कमध्ये किती माणसांची किती गुपिते आहेत हे पंचनाम्याच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

बाल्टिमोरमध्ये सरकारने यावर काढलेला तोडगा म्हणजे चाळणी पथक. ज्या सरकारी वकिलांकडे मूळ तपास आहे त्यांनी ईमेल पाहायचे नाहीत. आधी दुसऱ्या पथकाने ते पाहायचे, गोपनीय असतील ते बाजूला काढायचे आणि उरलेले पुढे पाठवायचे. कल्पना ऐकायला रास्त वाटते, आणि अमेरिकेत ती कित्येक वर्षे सर्रास वापरली जात होती. पण या पथकात होते कोण? त्याच केंद्रीय सरकारी वकील कार्यालयाच्या, मेरीलँडमधल्याच ग्रीनबेल्ट येथील शाखेतले वकील, तिथलेच कायदा साहाय्यक कर्मचारी, आणि शिवाय आयकर व अंमली पदार्थविरोधी या दोन्ही विभागांचे अधिकारी आणि तांत्रिक तज्ज्ञ. हे लोक या विशिष्ट तपासात सहभागी नव्हते, एवढाच काय तो फरक. पथकातल्या वकिलांचे कार्यालय तेच होते आणि कार्यालयप्रमुखही तेच.

कार्यपद्धतीतला तपशील त्याहून गंभीर होता. पथकाने प्रत्येक ईमेलची प्रतवारी करायची होती: गोपनीय, कदाचित गोपनीय, आणि गोपनीय नसलेला. ‘कदाचित गोपनीय’ या वर्गातल्या ईमेलबाबत फर्मशी बोलणी करायची किंवा न्यायालयात जायचे असे ठरले होते. मात्र जो ईमेल पथकाने ‘गोपनीय नाही’ असे ठरवला, तो फर्मला न दाखवता आणि न्यायाधीशांना न विचारता थेट तपास पथकाकडे जाणार होता. म्हणजे पथकाची चूक झालीच, तर ती चूक आहे हे सांगू शकणाऱ्या एकमेव पक्षाला ती झाल्याचे कळणारच नव्हते. याशिवाय पथकाला फर्मच्या अशिलांशी परस्पर संपर्क साधून गोपनीयतेचा हक्क सोडून देण्याबद्दल विचारण्याचीही परवानगी होती. सरकारी वकिलाच्या कार्यालयातून असा फोन आल्यावर सामान्य माणसाला काय वाटेल आणि तो काय उत्तर देईल, याचा विचार ही अट लिहिणाऱ्याने केला असेल असे मला वाटत नाही.

आणि हे सारे ठरले कधी? झडतीच्या आधी, वॉरंटच्या अर्जासोबतच, केवळ सरकारचे म्हणणे ऐकून. १३ जून रोजी वॉरंट देताना मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांनी ही कार्यपद्धतीही मंजूर केली. त्या क्षणी नेमके काय हाती लागणार आहे हे कोणालाच माहीत नव्हते. ९९.८ टक्के ईमेल भलत्याच लोकांचे असतील हा आकडा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो नंतर फर्मने मोजून न्यायालयासमोर आणला.

फर्मने सरकारला कळवले की छाननी आम्हाला करू द्या, आम्ही गोपनीय ईमेलची यादी देतो आणि उरलेले तुम्ही घ्या. सरकारने ते मानले नाही. मग फर्मने जिल्हा न्यायालयात तातडीच्या मनाई हुकमासाठी अर्ज केला आणि तिथेही अपयश आले. जिल्हा न्यायाधीशांच्या मते वेगळे पथक आणि लेखी कार्यपद्धती एवढे संरक्षण पुरेसे होते. फर्म अपिलात गेली. रिचमंड येथील चौथ्या सर्किटच्या (अमेरिकेत केंद्रीय अपील न्यायालयांच्या विभागांना सर्किट म्हणतात) अपील न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सुनावणी घेतली आणि दोनच दिवसांत आदेश देऊन पथकाचे काम थांबवले. गोपनीयतेची छाननी मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांनी स्वतः करावी असेही सांगितले. सविस्तर निकाल ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी आला आणि तो न्यायमूर्ती रॉबर्ट किंग यांनी लिहिला.

निकालाचा गाभा

निकालात बरेच मुद्दे आहेत, पण माझ्या मते त्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ‘ठरवणार कोण’ हा आहे. एखादा पत्रव्यवहार गोपनीय आहे की नाही हे ठरवणे हे न्यायदानाचे काम आहे. त्यासाठी कायदा लावावा लागतो, वस्तुस्थिती पारखावी लागते आणि दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. वाद निर्माण झाला की तो सोडवण्याचा अधिकार न्यायालयाचा. मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांनी हा अधिकार कार्यपालिकेकडे, आणि तेही खटला चालवणाऱ्या कार्यालयाकडे सोपवला, आणि तो सोपवण्याचा अधिकार मुळात त्यांना नव्हता, असे अपील न्यायालयाने म्हटले. त्यातही पथकात वकील नसलेले कर्मचारी होते. गोपनीयता म्हणजे काय याचे शिक्षण नसलेल्या माणसाने ‘हा ईमेल गोपनीय नाही’ असा शिक्का मारायचा आणि तो पुढे पाठवायचा, हे न्यायालयाला मान्य होण्यासारखे नव्हते.

दुसरा मुद्दा चुकांचा. चाळणी पथके चुकतात, हा तर्क नसून घडलेला इतिहास आहे. पनामाचे माजी लष्करशहा मॅन्युएल नोरिएगा यांच्या खटल्यात चाळणीसाठी नेमलेल्या व्यक्तीच्या नजरेतून वकील-अशील संभाषणाच्या ध्वनिफिती सुटल्या आणि त्या तपास पथकाकडे पोहोचल्या होत्या. २००६ साली सहाव्या सर्किटच्या न्यायालयाने हे उदाहरण देऊन म्हटले होते की अशा पद्धतीत खुराड्याची राखण कोल्ह्याकडे दिली जाते. कुंपणच शेत खाते असे आपण म्हणतो, ते इथे लागू पडते. पथकातील माणसे अप्रामाणिक आहेत असा याचा अर्थ नाही. अगदी प्रामाणिक सरकारी वकीलही गोपनीयतेची व्याख्या आपल्या बाजूने, म्हणजे अरुंद वाचतो. बचावाचा वकील ती रुंद वाचतो. दोघांच्या मध्ये न्यायाधीश का लागतो, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

छाननी किती अवघड असते हे एका नमुन्यावरून सांगतो. हा नमुना माझ्या कल्पनेतला आहे, पण अशी प्रकरणे हाताळणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. कंपनीचा संचालक आपल्या हिशेबनिसाला ईमेल लिहितो, सोबत एक तक्ता जोडतो आणि प्रत वकिलाला पाठवतो. मजकूर एकच ओळ: ‘परवाच्या बोलण्याप्रमाणे या तीन नोंदी बघा.’ त्यात ‘कायदेशीर सल्ला’ हे शब्द नाहीत, ‘गोपनीय’ असा शिक्का नाही, वकिलाचे नाव मुख्य पत्त्यात नाही. संगणकावर शब्द टाकून शोध घेणाऱ्याला हा साधा कार्यालयीन ईमेल वाटेल. परवा वकिलाच्या चेंबरमध्ये बैठक झाली होती, खटल्याच्या तयारीसाठी हा तक्ता वकिलानेच मागितला होता आणि त्या तीन नोंदींवर अख्खा बचाव उभा आहे, हे फक्त त्या तिघांना माहीत आहे. त्यांच्यापैकी एकालाही न विचारता तो ईमेल ‘गोपनीय नाही’ या ढिगात टाकला, तर चूक कोणाच्या लक्षात येणार?

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. वकिलाला प्रत पाठवली म्हणून कोणताही ईमेल आपोआप गोपनीय होत नाही. खोटी बिले तयार करणारा माणूस प्रत्येक बिलाची प्रत वकिलाच्या पत्त्यावर टाकेल आणि गोपनीयतेचा दावा करेल, तर तो दावा फेटाळलाच पाहिजे. गुन्हा करण्यासाठी किंवा फसवणूक पुढे रेटण्यासाठी घेतलेला सल्ला संरक्षणाच्या बाहेर असतो, हे तत्त्व अमेरिकेत आहे, इंग्लंडमध्ये आहे आणि आपल्या कायद्यात १८७२ पासून आहे. बाल्टिमोरमध्येही सरकारचा संशय नेमका हाच होता की अशिलाच्या बचावाच्या नावाखाली वकिलाने वेगळेच काही केले. अपील न्यायालयाने या अपवादाला हात लावला नाही. अपवाद लागू आहे की नाही, हे आरोप करणाऱ्याने परस्पर ठरवू नये, एवढेच सांगितले.

तिसरा मुद्दा भरून न येणाऱ्या नुकसानीचा. चोरीला गेलेली वस्तू परत करता येते. वाचलेला ईमेल मात्र न वाचलेला करता येत नाही. सरकारचे म्हणणे असे होते की काही चुकीचे वाचले गेलेच तर खटल्याच्या वेळी तो पुरावा वगळण्याची मागणी करता येईल. पण या ५२,००० ईमेलमधल्या बहुतेक अशिलांवर या प्रकरणात खटला होणारच नव्हता. मग ते कोणत्या न्यायालयात काय वगळायला सांगणार? त्यातल्या काहींची तर त्याच सरकारी वकील कार्यालयाकडून वेगळ्या प्रकरणांत चौकशी चालू होती किंवा त्यांच्यावर खटले चालू होते. म्हणजे त्यांच्या बचावाची कागदपत्रे त्यांच्याच विरोधी बाजूच्या कार्यालयात जाऊन पडली होती. हा मुद्दा वाचताना मी थांबलो होतो. या तपासात ज्याच्यावर संशयही नाही अशा माणसाच्या हक्काला इतका थेट धक्का लागला होता.

निकालात आणखी एक बारकावा आहे. वकिलाने खटल्याच्या तयारीसाठी केलेली टिपणे, मसुदे, साक्षीदारांबद्दलची त्याची मते यांना अमेरिकी कायद्यात वेगळे संरक्षण आहे आणि ते एकट्या अशिलाचे नसून वकिलाचेही असते. त्यामुळे फर्मला अशिलांच्या हक्कांबरोबर स्वतःच्या हक्काच्या बळावरही न्यायालयात उभे राहता आले.

पुढे काय झाले तेही सांगतो. वकील अ याच्यावर दोषारोप ठेवले गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये ज्युरीने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले. अशील अ याला त्याच खटल्यात मनी लाँडरिंगच्या कटाबद्दल दोषी ठरवण्यात आले. इतर आरोपांतून तो सुटला. चाळणी थांबवल्यामुळे तपास कोलमडला नाही, हे यावरून दिसते.

चाळणीच्या पद्धतीवरही परिणाम झाला. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२० साली आपल्या फसवणूकविरोधी शाखेत गोपनीयतेच्या छाननीसाठी स्वतंत्र कक्ष उभारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युक्रेनच्या प्रायव्हेटबँकेतून लाटलेला पैसा अमेरिकेतील मालमत्तांत गुंतवल्याच्या संशयावरून क्लीव्हलँड आणि मायामी येथे एका उद्योगसमूहाच्या कार्यालयांवर छापे पडले. जप्त मजकुरात कंपनीच्या वकिलांचा पत्रव्यवहार होता. तिथे मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांनी क्रम उलटा केला. आधी गोपनीयतेचा हक्क सांगणाऱ्यांनी सारे पाहायचे, दाव्यांची यादी द्यायची, चाळणी पथकाने हवे तर त्या यादीला आव्हान द्यायचे, आणि हक्कदाराच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय एकही संरक्षित कागद तपास पथकाकडे जाऊ द्यायचा नाही. अकराव्या सर्किटच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ही पद्धत मान्य केली. चाळणी पथक असलेच पाहिजे किंवा नसलेच पाहिजे, असा टोकाचा नियम त्यामुळे बनला नाही. पहिली नजर कोणाची आणि शेवटचा शब्द कोणाचा, या दोन गोष्टींवर सारे ठरते.

आपल्याकडे हा प्रश्न कुठे उभा आहे

योगायोग असा की बाल्टिमोरच्या निकालानंतर बरोबर सहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. सुरुवात अहमदाबादच्या एका गुन्ह्यातून झाली होती. आरोपीला जामीन मिळवून देणाऱ्या वकिलालाच पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली नोटीस पाठवून प्रकरणाची माहिती सांगायला बोलावले आणि गुजरात उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्याच सुमारास सक्तवसुली संचालनालयाने एका कंपनीला दिलेल्या कायदेशीर सल्ल्यावरून सर्वोच्च न्यायालयातील दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढले आणि वकीलवर्गातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्यावर ते मागे घेतले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने सांगितले की भारतीय साक्ष अधिनियमाच्या, वकील-अशील गोपनीयता जपणाऱ्या कलम १३२ मधील अपवाद लागू असल्याशिवाय अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स पाठवता येणार नाही. अपवादाखाली पाठवायचे असेल, तर कोणत्या वस्तुस्थितीच्या आधारे ते समन्समध्ये लिहावे लागेल आणि पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी संमती लागेल.

ईमेलच्या दृष्टीने त्या निकालातला मोलाचा भाग डिजिटल उपकरणांविषयीचा आहे. कागदपत्रे किंवा उपकरणे सादर करायला लावणाऱ्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली वकिलाचे उपकरण मागवले, तर ते तपास अधिकाऱ्याच्या हाती न देता त्या क्षेत्राच्या न्यायालयासमोर सादर करायचे. न्यायालयाने संबंधित अशिलाला नोटीस काढायची आणि अशील व वकील दोघांच्या हरकती ऐकायच्या. हरकती फेटाळल्या, तरच उपकरण उघडायचे, तेही दोघांच्या उपस्थितीत आणि त्यांच्या पसंतीच्या तांत्रिक जाणकाराच्या मदतीसह. इतर अशिलांच्या गोपनीयतेला धक्का लागू नये याची काळजी न्यायालयाने घ्यायची. बाल्टिमोरमध्ये जे जे राहून गेले, ते जवळपास सगळे इथे लिहिले गेले आहे: आधी नोटीस, दोन्ही बाजू, न्यायाधीश, आणि इतर अशिलांचा विचार. हा निकाल मला मनापासून मोलाचा वाटतो.

पण फसवणुकीच्या तपासातले बहुतेक ईमेल वकिलाच्या उपकरणातून मिळवले जात नाहीत. ते कंपनीच्या सर्व्हरवरून, संचालकाच्या लॅपटॉपवरून किंवा ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीकडून येतात. त्याच पत्रव्यवहाराची दुसरी प्रत तिथे असते आणि तिच्याभोवती वरील संरक्षण नाही. कलम १३२ वकिलाचे तोंड बंद ठेवते, त्याच्या कारकुनाचे आणि कर्मचाऱ्याचेही. कलम १३४ अशिलाला सांगते की वकिलाशी झालेले बोलणे न्यायालयासमोर उघड करण्याची सक्ती तुझ्यावर होणार नाही. दोन्ही कलमे उघड करणाऱ्या माणसाबद्दल बोलतात. कोणी काही उघड केलेच नाही, पोलिसांनी सर्व्हर उचलून नेला आणि ईमेल वाचले, तर काय करायचे याबद्दल ती गप्प आहेत. नागरिक सुरक्षा संहितेतही गोपनीय मजकुराच्या छाननीसाठी वेगळी तरतूद नाही.

कंपन्यांच्या विधी विभागाची स्थिती तर आणखी नाजूक झाली आहे. पगारी कायदा सल्लागारालाही बाहेरच्या वकिलासारखेच संरक्षण आहे, असा दृष्टिकोन मुंबई उच्च न्यायालयाने १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या विजय मेटल वर्क्सच्या निकालात घेतला होता आणि मुंबईतल्या कंपन्यांचे कामकाज बरीच वर्षे त्याच समजुतीवर चालत आले. २०२५ च्या निकालाने स्पष्ट केले की कंपनीत नोकरी करणारा विधी अधिकारी न्यायालयात वकिली करणारा अधिवक्ता नसल्यामुळे त्याला कलम १३२ चे संरक्षण नाही. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी त्याने केलेल्या पत्रव्यवहाराला कलम १३४ चा आधार मिळू शकतो, पण मालक आणि त्याचा पगारी विधी अधिकारी यांच्यातील ईमेलला नाही. तेव्हा संचालकाने विधी विभागाला लिहिलेला ‘हा व्यवहार अडचणीत येईल का’ हा ईमेल उद्या दोषारोपपत्रासोबत जोडलेला दिसला, तर कलम १३२ कडे बोट दाखवता येणार नाही.

यात भर म्हणजे, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, ही भूमिका आपल्याकडे १९७४ च्या पूरन मल निकालापासून रुळलेली आहे. अमेरिकेत चुकीने वाचलेला ईमेल निदान खटल्यातून वगळण्याची आशा असते, आणि तरीही तिथल्या न्यायालयाला ती पुरेशी वाटली नाही. आपल्याकडे ती आशाही क्षीण असल्यामुळे वाचण्याच्या आधीचा टप्पा हाच खरा लढण्याचा टप्पा आहे. सर्व्हरची मिरर इमेज काढून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वी, म्हणजे जप्तीनंतरच्या पहिल्या दिवसांतच, दंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज गेला पाहिजे. त्या अर्जात ‘आमचा पत्रव्यवहार गोपनीय आहे’ असे मोघम लिहून काही साधत नाही. कोणत्या वकिलांचे कोणते ईमेल पत्ते, कोणत्या तारखांच्या दरम्यानचा पत्रव्यवहार, कोणते प्रकरण, त्यात हिशेबनीस किंवा सल्लागार म्हणून कोण सामील होते, हे नेमके लिहावे लागते. एकूण किती ईमेल आहेत आणि त्यातले तपासाशी संबंधित किती, हेही शक्य तितके मोजून द्यावे. बाल्टिमोरच्या फर्मने ११६ आणि ५२,००० हे दोन आकडे समोर ठेवले, आणि अपील न्यायालयाने ते निकालात नोंदवले. मागणीही नेमकी हवी: इमेज सीलबंद राहावी, यादी आम्ही द्यावी, हरकत असलेले ईमेल न्यायाधीशांनी बंद दाराआड पाहावेत, आणि तोवर तपास अधिकाऱ्याने त्या पत्त्यांवर शोध घेऊ नये.

एक प्रसंग मात्र असा आहे की जिथे हा अर्ज करायला कोणीच नसते. तपास अधिकारी कलम ९४ ची नोटीस थेट ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीला पाठवतो, कंपनी मेलपेटीची प्रत देते, आणि खातेदाराला त्याचा पत्ता दोषारोपपत्राची प्रत हातात पडेपर्यंत लागत नाही. तिथे ना वकील हजर असतो, ना अशील. अशा मेलपेटीसाठी तपास अधिकारी दंडाधिकाऱ्यांकडे वॉरंट मागायला आला, तर ‘यात वकिलाशी झालेला पत्रव्यवहार आहे का, आणि असेल तर तो उघडण्यापूर्वी तुम्ही काय करणार आहात’ असे विचारू शकणारी त्या खोलीतली एकमेव व्यक्ती म्हणजे ते दंडाधिकारी. आणि तो अधिकारी वॉरंट न मागता आपल्याच सहीने नोटीस काढतो, तेव्हा तीही व्यक्ती तिथे नसते.